घरी शिवलेली झबली, फ्रॉक, चड्ड्या : सारखे विचारले जाणारे प्रश्न

मी इंदूरला सुदामा नगरात राहते. शिवणकाम हा माझा धंदा नाही, छंद आहे, सासूबाईंच्या पायमशीनवर शिकले आणि लेकीच्या बारशापासून ती आता तिसरीत गेली तोवर तिचे, भाच्यांचे, शेजारच्या दोन-तीन पोरांचे कपडे शिवत आलेय. हळदीकुंकवाला, शाळेच्या गेटवर, भाजीच्या ठेल्यापाशी तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाच बसून लिहिलंय. क्रम वगैरे काही नाही, आठवले तसे.

मला साधी सरळ शिलाई पण येत नाही. फ्रॉकने सुरुवात करू का?

नका करू. फ्रॉकमध्ये गळा, मुंढा (हात घालायची जागा), चुण्या आणि मागचं ओपनिंग अशा चार भानगडी एकदम येतात, एक बिघडली की सगळंच फेकून द्यावंसं वाटतं आणि मग मशीनवर परत कव्हर चढतं ते दिवाळीच्या सफाईपर्यंत. आधी दुपटं शिवा. मऊ कापडाचे दोन चौकोन, सुलट्याला सुलटं लावायचं, हात जाईल एवढी जागा सोडून चारी बाजूंनी शिलाई मारायची, मग उलटवून वरून एक शिलाई, झालं. हात सरळ चालायला लागतो आणि वाकडं गेलं तरी बाळ काही बोलत नाही.

त्यानंतर झबलं. पाठ, पुढचा भाग, बाह्या सगळं घडी घातलेल्या एकाच कापडातून निघतं, खांद्याला शिवण नाही, बाही वेगळी जोडायची नाही, फक्त दोन्ही बगलांपासून खाली शिलाई. पुढून उघडं असल्यामुळे तान्ह्या बाळाच्या डोक्यातून घालायची कसरत पण नाही. अर्धा मीटर कापड पुरतं. आणि मग इलास्टिकची चड्डी. एवढ्या तीन गोष्टी आल्या की फ्रॉक आपोआप येतो.

मशीन कोणतं घ्यावं?

घरात आहे ते. खरंच सांगते, आजीचं किंवा आईचं काळं पायमशीन माळ्यावर पडलं असेल तर खाली काढा, तेल घाला, पट्टा बदला, सुई नवीन लावा. मुलांच्या कपड्यांत छोटी वळणं फार, गळा वळवताना पायाने एकेक टाका टाकता येतो तो आराम मोटरवर नवीन माणसाला मिळत नाही, ती एकदम पळते. झिगझॅगवालं इलेक्ट्रिक मशीन हवंच असेल तर ते होजिअरी, म्हणजे टीशर्टसारखं ताणणारं कापड, शिवायची असेल तेव्हा बघा.

सुई मात्र कंजुषी न करता बदला. मलमल, कॅम्ब्रिकला ११ नंबर, पॉपलीन किंवा जाड कॉटनला १४, जीन्सला १६. लोक १६ नंबरची सुई लावून मलमल शिवतात आणि म्हणतात कापड खराब होतं.

खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता होतो, बॉबिन बदलू का?

बॉबिनची चूक नसते बहुतेक. गुंता खाली दिसतो पण कारण वर असतं, वरचा दोरा टेन्शनच्या चकत्यांमध्ये नीट बसलेला नसतो. कापड दाबून धरणारा मशीनचा पाय वर उचला, दोरा पूर्ण काढा, परत ओवा. दहातल्या नऊ वेळा एवढंच असतं.

कापड कोणतं आणि इंदूरमध्ये कुठून घेता?

उन्हाळ्यासाठी मलमल, वायल, कॅम्ब्रिक. रोजच्या वापराला पॉपलीन. थंडीसाठी फ्लॅनेल, आपल्याकडे माळव्यात डिसेंबर-जानेवारीच्या रात्री चांगल्याच गार असतात तेव्हा दोन जोड फ्लॅनेलचे हवेतच. नेट, सॅटिन, टिश्यू वगैरे दुकानात फार गोड दिसतं पण घालणाऱ्याला ते सगळं टोचतं, अगदीच हवं असेल तर आतून नुसतं कमरेपर्यंत नाही, पार खालपर्यंत कॉटनचं अस्तर लावा.

मी बहुतेक राजवाड्याच्या बाजूला जाते. महाराजा तुकोजीराव क्लॉथ मार्केट मुख्यतः होलसेलचं, तिथे एका फ्रॉकपुरतं एक मीटर मागितलं की दुकानदार आपल्याकडे दयेने बघतो, तेव्हा चार जणी मिळून जा आणि थान वाटून घ्या. शीतलामाता बाजारात किरकोळ मिळतं. आणि कटपीस! मुलांच्या कपड्यांसाठी कटपीससारखं दुसरं काही नाही, पाऊण मीटरचा तुकडा मोठ्या माणसाच्या काही कामाचा नसतो आणि आपला अख्खा फ्रॉक त्यात बसतो.

मराठी शब्दांची पंचाईत होते ती वेगळीच. कापडाच्या रुंदीला घरी आपण पन्हा म्हणतो, दुकानात अर्ज विचारावा लागतो. माझी पुण्याची मावसबहीण आली होती तिने दुकानात 'पन्हा किती?' विचारलं, तो बिचारा म्हणाला, 'पना आगे ज्यूसवाले के यहाँ मिलेगा.' आणि शिलाईच्या बाहेर जी जास्तीच्या कापडाची माया आपण शिवणीत सोडतो तिला आमच्या गल्लीतला टेलर मास्टर दबाव म्हणतो. एकच अर्धा इंच, इकडे माया, तिकडे दबाव.

कॉटन म्हणून दिलेलं खरंच कॉटन आहे का हे घरी येऊन बघता येतं. कडेचे चार धागे काढा, चिमट्यात धरून सिंकवर जाळा, मुलं दुसऱ्या खोलीत असताना. सुताला कागद जळल्यासारखा वास येतो आणि राख भुरभुरीत होते. पॉलिस्टर वितळतं आणि त्याची टणक गोळी होते. ती गोळी एकदा बघितली की दिवाळीत पणत्यांजवळ मुलीला नायलॉनचा घेरदार फ्रॉक घालायची इच्छा राहत नाही. सुती कापड पण पेटतं, त्याला काही वरदान नाहीये, पण ते वितळून अंगाला चिकटत नाही.

कापड आधी भिजवायलाच हवं का? माझ्याकडे वेळ नाहीये.

वेळ नसेल तर आज शिवू नका. सुती कापड पहिल्याच धुण्यात आटतं, लांबीत जास्त, मीटरमागे एक-दोन इंच सहज. मोठ्यांच्या कुर्त्यात ते चालून जातं, एक वर्षाच्या बाळाच्या फ्रॉकची लांबीच मुळात पंधरा-सोळा इंच, त्यातला इंचभर गेला तर काय राहिलं. रात्रभर पाण्यात टाका, न पिळता वाळत घाला, थोडं दमट असताना इस्त्री करा, मग बेता. गडद रंग आणि बाघ गावच्या ठशांच्या प्रिंटसारखं लाल-काळं वेगळं भिजवा. मीठ घातलं की रंग पक्का होतो हे मी पण मानायचे, एका लाल कापडाने माझे तीन पांढरे लंगोट गुलाबी केले तेव्हापासून नाही मानत. पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवायचं, बस.

जुन्या साडीचं शिवलं तर चालतं का, की बरं दिसत नाही?

चालतं काय, तान्ह्या बाळासाठी त्याहून चांगलं कापड बाजारात नाहीच. आपल्या आज्या उगाच नव्हत्या जुन्या लुगड्यांची झबली-टोपडी शिवत. शंभर वेळा धुतलेलं सूत मऊ झालेलं असतं, आटायचं तेवढं आटून झालेलं असतं, रंग जायचा तो गेलेला असतो. फक्त कापायच्या आधी खिडकीच्या उजेडात धरा, विरलेल्या जागी उजेड आरपार दिसतो, बसण्याच्या जागी आणि खाली फॉलच्या वर हमखास. तेवढं वगळा, बाकीच्यातून निघतं.

सासूबाईंची एक माहेश्वरी होती, लग्नानंतर पहिल्यांदा महेश्वरला गेल्या तेव्हा घेतलेली, मोरपंखी, पोटात दोन ठिकाणी फाटली म्हणून कपाटात नुसती पडून होती. मी महिनाभर विचारायचा धीर गोळा करत होते. शेवटी त्याच म्हणाल्या, 'काप की, देवाला का ठेवायचीय.' त्या साडीतून लेकीचा परकर, जावेच्या मुलीचा फ्रॉक आणि दोन पोटल्या निघाल्या. एक युक्ती सांगते, काठ कापून परत खाली जोडत बसू नका, कापडच असं बेता की काठ आपोआप घेराच्या खाली येईल, म्हणजे खाली दुमड पण घालावी लागत नाही. माहेश्वरीचा काठ दोन्ही बाजूंनी बघण्यासारखा असतो त्यामुळे पोर कोलांट्या मारत असलं तरी चालतं. मात्र यात ताणा रेशमाचा असतो, अंगाशी मलमलचं अस्तर लावा.

मूल एक मिनिट स्वस्थ उभं राहत नाही. माप कसं घ्यायचं?

मुलाचं घेऊच नका. त्याला आत्ता नीट बसणारा एक कपडा घ्या, जमिनीवर सपाट पसरा आणि त्याचं माप घ्या. छाती, लांबी, खांदा, मुंढा. 'दोन वर्षांचं माप सांगा ना' असं विचारतात, काय सांगू, माझी लेक आणि जावेची लेक दहा दिवसांच्या अंतराच्या आणि एकीचा फ्रॉक दुसरीला गाऊनसारखा व्हायचा. वयाचा आणि मापाचा संबंध फक्त दुकानातल्या लेबलवर असतो.

अंगावरचं माप घेतलंच असेल तर छातीत तीन ते चार इंच सैल धरा. चड्डीला डायपर घालून मग मागची लांबी मोजा, पुढच्यापेक्षा मागे दीड-दोन इंच जास्त लागते, सारखी कापली तर बाळ वाकलं की सगळं दर्शन. इलास्टिक कमरेपेक्षा दोन इंच कमी घ्या, जोडायला एक इंच वेगळा, आणि नेफ्यात घालून लगेच शिवून टाकू नका, सेफ्टी पिन लावून एक दिवस घालून बघा, पोटावर वळ उठला तर सैल करता येतं.

आणि डोक्याचा घेर मोजा. हे कोणी मोजत नाही. का ते पुढे सांगते.

गळा डोक्यातून जातच नाहीये!!

हा प्रश्न बहुतेक वाढदिवसाच्या आदल्या रात्री फोनवर येतो, तेव्हा आधी श्वास घ्या.

माझं सांगते. पहिला फ्रॉक मी भाचीच्या पहिल्या वाढदिवसाला शिवला, पिवळा, पुढे स्मॉकिंग (चुण्यांवरचं भरतकाम), गळ्याच्या कडेला पायपिन, पायपिनसाठी उरेब म्हणजे तिरकी पट्टी पण मीच कापलेली, पंधरा दिवस रोज रात्री बसून. सगळे पाहुणे आलेले, केक आलेला, आणि फ्रॉक तिच्या कानांपाशी अडकला. वर जाईना की खाली येईना, आतून नुसतं भोकाड. नणंदेने कात्री मागितली आणि मीच आणून दिली. मागून सरळ चार इंच कापला, वर एक सेफ्टी पिन, फोटोत सगळे पुढून.

झालं असं होतं की मी गळ्याला गळ्याचं माप लावलं होतं. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने खूप मोठं असतं. जन्मतः डोक्याचा घेर साधारण साडेतेरा इंच, वर्षाला जवळपास १८, दोन वर्षांना १९, आणि पाच वर्षांना सुद्धा २०च्या आसपास. म्हणजे पहिल्या वर्षात साडेचार इंच वाढतो आणि पुढच्या चार वर्षांत जेमतेम दोन. एक वर्षाच्या मुलाला अंगासरशी शोभेल असा गोल गळा साधारण १२ इंचाचा होतो, त्यातून १८ इंचाचं डोकं कसं जाणार. मागे चार इंचाची चीर दिली की दोन्ही बाजू मिळून आठ वाढतात, १२ आणि ८ वीस, आता जातं. चीर नको असेल तर खांद्यावर बटणं द्या किंवा तान्ह्यांच्या टीशर्टला असतात तसे एकावर एक येणारे खांदे करा. कसंही करा, गळा पूर्ण शिवायच्या आधी नुसत्या कच्च्या दोऱ्याने टाचून एकदा डोक्यातून घालून बघा.

तो पिवळा फ्रॉक भाचीकडे अजून आहे, पिन सकट.

शिवणीची माया किती सोडू?

बाजूंना पाऊण ते एक इंच, खाली घेराला तीन इंच. टेलर एवढी सोडत नाहीत, आपल्याला सोडता येते. मुलं आधी उंच होतात आणि मग रुंद, त्यामुळे घेर एकदा उसवून खाली सोडला की तोच फ्रॉक अजून एक वर्ष निघतो. खाली दुमडीची जुनी रेघ दिसतेच, तिच्यावर लेस किंवा उरेब पट्टी लावायची आणि सगळ्यांना सांगायचं डिझाईनच आहे.

बाहेरून छान दिसतं पण मूल सारखं खाजवतं, काढ काढ म्हणतं. का?

कपडा उलटा करा आणि तुमच्या गालावर किंवा मनगटाच्या आतल्या बाजूला घासून बघा. लगेच कळेल. आपण सगळे सुलट्या बाजूवर जीव टाकतो आणि त्या बिचाऱ्याच्या अंगाला दिवसभर लागते ती उलटी बाजू. कडा बांधायच्या ओव्हरलॉकचा नायलॉनसारखा दोरा, लेसची कड, एम्ब्रॉयडरीच्या मागचा कागद, नेटच्या चुण्या कमरेत जिथे कोंबल्यात ती जागा.

यावर माझा एकच उपाय, फ्रेंच सीम. नाव मोठं, काम सोपं. नेहमी आपण सुलट्याला सुलटं लावून शिवतो, इथे आधी उलट्याला उलटं लावायचं, म्हणजे पहिली शिलाई बाहेरच्या बाजूला येते, घाबरू नका. पाव इंचापेक्षा किंचित कमीवर शिवा, बाहेर आलेलं कापड कापून अगदी बारीक करा, इस्त्री फिरवा, आता कपडा उलटवून सुलट्याला सुलटं आणि पाव इंचावर दुसरी शिलाई. सगळे धागे त्या नळीत बंद होतात. यात पूर्ण माया खर्च होते, पुढे सैल करता येत नाही, त्यामुळे मी तान्ह्यांच्या कपड्यांना फ्रेंच सीम करते आणि चार वर्षांच्या पुढे साधी शिवण, माया जास्त.

तान्ह्या बाळाच्या हातमोज्यांना आणि पायमोज्यांना तर आत एकही सुटा दोरा राहता कामा नये. दोरा इवल्याशा बोटाला गुंडाळला जातो, आवळतो, बाळ रडत राहतं आणि मोजा काढेपर्यंत कोणाला कळत नाही. मी मोजे शिवून झाले की स्वतःची करंगळी आत घालून फिरवून बघते.

बटण, मोती, नाडी लावलेलं किती वयापासून चालतं?

३ वर्षांपर्यंत मोती, टिकल्या, घुंगरू काहीही नाही. खेळणी तपासताना या वयासाठी सुमारे ३२ मिलिमीटर रुंदीची एक नळी वापरतात, तिच्यात जी वस्तू पूर्ण मावते ती घशात अडकण्यासारखी धरतात. तुमच्या डब्यातलं जवळजवळ प्रत्येक बटण त्यात मावेल. त्यामुळे बटण लावायचंच तर मागच्या बाजूला, दुहेरी दोऱ्याने, आणि लावून झाल्यावर दोन बोटांनी जोर लावून ओढून बघा.

नाडी गळ्याशी आणि टोपीला अजिबात नाही. युरोपातल्या मापदंडात ७ वर्षांपर्यंतच्या मुलांच्या कपड्याला तिथे नाडी चालतच नाही, घसरगुंडीवर किंवा झोक्यावर अडकून गळा आवळला जाऊ शकतो म्हणून. झबल्याचे बंद गाठ मारून वर दोन बोटं उरतील एवढेच ठेवा आणि गळ्याशी न लावता बाजूला लावा.

बोरन्हाणाचा काळा फ्रॉक : कापड कोणतं?

काळं कॅम्ब्रिक, आत फ्लॅनेलचं अस्तर. संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत कधीही बोरन्हाण करतात आणि इंदूरला तेव्हा गारठा असतो, त्यात अंगणात बसवून डोक्यावर बोरं, चुरमुरे, उसाचे करवे ओतायचे. काळी नेट नको, त्यात चुरमुरे अडकतात आणि मग तासभर एकेक वेचत बसा. हलव्याचे दागिने फ्रॉकवर शिवून टाकू नका, मूल ते चोखतं, साखर विरघळते, कापड चिकट होतं आणि मुंग्या. वेगळे गुंफा, फोटो झाले की काढून घ्या.

कुंची अजून कोणी शिवतं का?

मी शिवते. खणाची, आत मलमल. पट्टी दुमडून डोक्याकडची एक बाजू शिवायची की टोपीचा आकार येतो, मानेशी चुण्या, मागे पाठीवर झूल. बाळ कडेवर असताना वारं लागत नाही. झोपवताना मात्र काढून ठेवायची, तोंडावर सरकते.

होजिअरीवर माझं मशीन टाके सोडतं.

सुई बदला, गोल टोकाची मागा, दुकानात बॉल पॉइंट म्हटलं की देतात. साधी टोकदार सुई जाळीच्या घरांना भोसकते. आणि झिगझॅग बारीक ठेवा, सरळ शिलाई ताणली की तुटते.

मुलगा आहे हो, मुलासाठी काय शिवणार?

खिसे! चड्डीला, कुर्त्याला, नाईट सूटला, जिथे जागा दिसेल तिथे. खडे, बाटल्यांची झाकणं, अर्धं बिस्कीट, सगळं ठेवायला जागा लागते. मुलींना पण तेवढेच आवडतात, दुकानातल्या फ्रॉकला नसतात म्हणून तर घरी शिवायचं. रंगपंचमीच्या गेरसाठी (रंगांच्या मिरवणुकीसाठी) जुन्या चादरीचा एक पांढरा कुर्ता पण शिवून ठेवा, त्याला काज-बटण करत बसू नका, तो परत येत नाही.

विकतपेक्षा स्वस्त पडतं का?

नाही. कापड, दोरा, इलास्टिक, अस्तर आणि तुमच्या तीन संध्याकाळी धरल्या तर अजिबात नाही. जुन्या साडीचं असेल तर पडतं.

ऑर्डर घेता का?

नाही. एकदा घेतली होती, नंतर आठवडाभर मशीनकडे बघवत नव्हतं.

एवढं शिवलं आणि पोर घालतच नाही, काय करू?

कापड निवडताना त्याला सोबत न्या, बटण कुठलं ते त्याला ठरवू द्या, थोडा फायदा होतो. नाहीच घातलं तर धुवून, घडी घालून ठेवा, जबरदस्ती नको. माझ्या लेकीने तो माहेश्वरीचा परकर दोन वर्षं हातात धरला नाही. मागच्या गणपतीत एका सकाळी आपणहून घालून आली, पार घोट्याच्या वर गेलेला. म्हणाली, 'आई, हा छोटा का शिवलास?' मी तिथेच उकिडवी बसून रिपर घेतला आणि कमरेशी आत मोडून ठेवलेले तीन इंच उसवायला लागले, ती आरतीची थाळी घेऊन उभीच होती.